खिडकीपलीकडचा माणूस आणि अलीकडची बाई



या वेळचा अभ्यास लेख मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या कामावर आहे. अमेरिका वाचून लगेच पान उलटू नका. या माणसाने आयुष्यातली बरीच वर्षं ज्या गोष्टीचा अभ्यास केला ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. ती म्हणजे सरकारी खिडकीसमोर उभं राहणं. लेख थोडा लांब झालाय, त्यामुळे एका बैठकीत अर्धा आणि पुढच्या बैठकीत अर्धा वाचला तरी चालेल. वाचणाऱ्या ताईने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून बोलावं.

राज्यशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर निवडणुका, आमदार, खासदार, दिल्ली असं सगळं येतं. एमएसडब्ल्यूला जाईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. लिप्स्कींनी मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात केली. कायदा झाला, पैसा मंजूर झाला, जाहिरात आली. मग ज्या बाईसाठी हे केलं तिच्या हातात ते का पोचत नाही, की अर्धवट पोचतं? हा त्यांचा प्रश्न. शिक्षण प्रिन्स्टन विद्यापीठात झालं, नंतर बरीच वर्षं एमआयटी या संस्थेत शिकवलं. एमआयटी जगभर इंजिनिअरिंगसाठी ओळखली जाते, पण तिथे राज्यशास्त्रही शिकवतात.

त्यांचा सुरुवातीचा अभ्यास एका संपाचा होता. १९६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम भागातल्या भाडेकरूंनी घरभाडं देणं बंद केलं. ही मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती. बाहेर बर्फ, घरात ऊब देणारी यंत्रणा बंद, भिंतींना भोकं आणि घरभर उंदीर. जेसी ग्रे नावाचा पुढारी होता. त्याच्यासोबतचे भाडेकरू मेलेले उंदीर घेऊन कोर्टात गेले, पुरावा म्हणून! वर्तमानपत्रांना आणखी काय हवं?

लिप्स्कींनी या संपावर १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात की गरिबांचा मोर्चा सरकारला थेट हलवत नाही, कारण गरिबांकडे देण्याघेण्यासारखं काही नसतं. मोर्चा हलवतो तो वर्तमानपत्रांना, संस्थांना, चांगल्या घरातल्या लोकांना, आणि मग ते सरकारला हलवतात. अशा वेळी सरकार बहुतेकदा दोन-चार गाजलेली प्रकरणं झटपट निकाली काढतं, एखादी समिती नेमतं, म्हणजे ओरड थांबते. मूळ कारभार आहे तिथेच राहतो. आपण हंडा मोर्चा काढतो, दुसऱ्या दिवशी दोन टँकर येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. म्हणून मोर्चा काढू नये असं नाही. टँकर आल्यावर घरी जायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मोर्चा संपला की माणूस परत एकटा खिडकीसमोर असतो. लिप्स्कींचं सगळ्यात मोठं काम तिथलंच आहे. १९६९ मध्ये त्यांनी त्यावर पहिला निबंध मांडला आणि १९८० मध्ये पुस्तक आलं, ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’. शब्दाला शब्द लावला तर ‘रस्त्याच्या पातळीवरची नोकरशाही’ असं काहीतरी होईल आणि कुणालाच कळणार नाही. आपण त्याला ‘खिडकीवरचं सरकार’ म्हणू.

या सरकारात कोण कोण येतं? त्यांच्या पुस्तकात शिक्षक, पोलीस, मदत-खात्यातले कर्मचारी, आरोग्य कर्मचारी, खालच्या कोर्टाचे न्यायाधीश, गरिबांना मोफत सल्ला देणारे सरकारी वकील आहेत. आपल्याकडे बघायचं तर तलाठी, ग्रामसेवक, तहसीलमधला पेन्शनच्या टेबलावरचा क्लार्क, अंगणवाडी सेविका, आशाताई, रेशन दुकानदार, बँकेतला कॅशियर. लिप्स्की म्हणतात की धोरण फक्त राजधानीत बनत नाही. ही माणसं दिवसभरात जे लहान लहान निर्णय घेतात, कुणाला आत बोलवायचं, कुणाला उद्या यायला सांगायचं, कुणाचा अर्ज वर ठेवायचा, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजेच धोरण. एकच जीआर शेजारच्या दोन गावांत दोन तऱ्हेने का चालतो, याचं उत्तर इथे आहे.

आता या माणसाच्या खुर्चीत जरा बसून बघू. लिप्स्कींची ही पद्धत मला फार आवडते. ते खिडकीवरच्या माणसाला शिव्या देत नाहीत आणि डोक्यावरही घेत नाहीत. त्याच्या टेबलावर रोज काय येतं ते बघतात.

पहिलं म्हणजे कामाला माणूस कधीच पुरत नाही. आणि यात एक गंमत आहे. दुकानदाराने चांगला माल दिला, गिऱ्हाईक वाढलं, तर त्याला फायदा होतो. खिडकीवरच्या माणसाने चांगलं काम केलं तर नुसती गर्दी वाढते, पगार तेवढाच. जी आशाताई रात्री-अपरात्री फोन उचलते तिलाच सगळे फोन करतात. तुमच्याच गावात बघा. म्हणजे चांगलं वागण्याची शिक्षा म्हणून आणखी काम.

दुसरं, त्याच्याकडून वरचे लोक दोन उलट गोष्टी मागतात. गरजूला पटकन द्या, आणि खोटा लाभार्थी एकही नको. माणसाकडे माणूस म्हणून बघा, आणि आज शंभर अर्ज संपवा.

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे. खिडकीसमोरची बाई गिऱ्हाईक नसते, कारण तिला दुसरं दुकान नाही. एका किराणावाल्याने नीट उत्तर दिलं नाही तर आपण दुसरीकडे जातो. तालुक्यात दुसरं तहसील नाही. बाई नाराज झाली म्हणून त्या कर्मचाऱ्याचं काही बिघडत नाही. म्हणून त्याचं लक्ष समोरच्या बाईपेक्षा वरच्या साहेबाकडे जास्त असतं.

अशा खुर्चीत बसलेला माणूस दिवस ढकलायला युक्त्या शोधतो. वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, नाहीतर त्याचा दिवसच संपणार नाही. या युक्त्यांचा अभ्यास हा पुस्तकाचा गाभा आहे. ‘नाही’ हा शब्द न उच्चारता माणसं कमी कशी करायची, हे त्यात कळतं.

रांग ही त्यातली सगळ्यात साधी युक्ती. रांग दिसायला एकदम न्यायाची, जो आधी आला तो आधी. पण थांबणं सगळ्यांना सारखं महाग पडत नाही. मोटरसायकल असलेल्या माणसाचा एक तास जातो. वाडीवरून एसटीने येणाऱ्या बाईची एक दिवसाची मजुरी जाते, तिकीट जातं, लहान मूल कुणाकडे तरी सोडावं लागतं. तीन हेलपाट्यांनंतर ती यायची थांबते. कागदोपत्री तिला कुणीच नाकारलेलं नसतं. रजिस्टर बघितलं तर तिचा अर्जच नाही, म्हणजे गरजही नाही!

माहिती ही दुसरी युक्ती. कागद काय काय लागतात ते एकदम सांगायचं नाही. आधी रेशनकार्ड. ते आणलं की उत्पन्नाचा दाखला. तो आणला की नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. ज्याच्या ओळखीचा माणूस आत आहे त्याला यादी पहिल्याच दिवशी मिळते.

तिसरी युक्ती सगळ्यात चलाख आहे. ज्यांचं काम सोपं आणि ज्यांच्यामुळे आपला आकडा चांगला दिसतो, त्यांना आधी घ्यायचं. दुधावरची साय काढून घ्यावी तसं. रोजगार देणाऱ्या कार्यालयाला ‘किती जणांना काम लावलं’ हा आकडा दाखवायचा असेल, तर ज्याला तसंही काम मिळालं असतं त्यालाच ते मदत करतं. सगळ्यात अडलेला मागे राहतो, कारण त्याच्यावर वेळ जास्त जातो आणि यशाची खात्री कमी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

यानंतर लिप्स्कींनी एक पायरी आणखी वर जाऊन बघितलं. ही गोष्ट जरा सावकाश वाचा. अमेरिकेत तेव्हा एकट्याने मुलं वाढवणाऱ्या गरीब आयांसाठी रोख मदतीची योजना होती. कर्मचाऱ्यांच्या चुका पकडण्यासाठी सरकारने तपासणी सुरू केली. तपासणी चांगलीच, नाही का? पण चुका दोन तऱ्हेच्या असतात. जिचा हक्क नाही तिला पैसे गेले ही एक चूक, आणि जिचा हक्क आहे तिला मिळाले नाहीत ही दुसरी. तपासणीत पैशाचा फटका बसायचा तो पहिल्या चुकीसाठी. दुसऱ्या चुकीसाठी कुणाचं काही जायचं नाही. मग कर्मचारी काय करणार? आणखी एक कागद मागणार, आणखी एक दाखला मागणार. जराशी शंका आली की फाईल बाजूला. लिप्स्की आणि एव्हलिन ब्रॉडकिन या अभ्यासक बाईंनी मिळून १९८३ मध्ये हे लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की हे सगळं नुसतं तांत्रिक वाटतं, पण त्यातून गरीब आयांची मदत प्रत्यक्षात आकसते.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, लिप्स्कींनी याला एक नावच दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘कागदाने हक्क काढून घेणं’. योजना बंद केली तर बातमी होते, विरोधक ओरडतात, मतं जातात. त्यापेक्षा योजना चालू ठेवायची आणि दार अरुंद करायचं. जागा रिकाम्या ठेवायच्या. फॉर्म लांब करायचा. फेरतपासणी काढायची. कुणी काही ठरवलं असं कुठेच दिसत नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. त्या काळात अमेरिकेत अपंगत्वाची मदत घेणाऱ्यांच्या फेरतपासण्या झाल्या आणि फार मोठ्या संख्येने लोकांची मदत बंद झाली. ज्यांनी अपील केलं त्यांच्यातल्या पुष्कळांना ती परत मिळाली. म्हणजे हक्क होताच. ज्यांना अपील करायचं सुचलं नाही किंवा झेपलं नाही, त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

आपल्याकडे हयातीचा दाखला, केवायसी, आधार जोडणी अशी कामं दरवर्षी येतात. यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम त्रास द्यायला केलेली असते असं माझं म्हणणं नाही. खोटे लाभार्थी असतातच, आणि तेही कुणाच्या तरी वाट्याचं खातात. पण ‘इतकी खोटी नावं वगळली’ हा आकडा जाहीर होतो, तेव्हा त्यात खऱ्या किती वगळल्या गेल्या हा दुसरा आकडा कुणी विचारतं का? आपल्या ग्रामसंघाने गावापुरता तो आकडा काढायला काय हरकत आहे? वीस-पंचवीस घरं फिरावं लागेल, एवढंच.

आता खिडकीच्या जागी संगणक आलाय. नेदरलँड्सच्या दोन अभ्यासकांनी २००२ मध्येच लिहून ठेवलं होतं की निर्णय हळूहळू टेबलावरच्या माणसाकडून यंत्रणा बनवणाऱ्यांकडे जातो. अंगठा उमटला नाही, सर्व्हर डाऊन आहे, ‘सिस्टीम घेत नाही ताई’. पूर्वी क्लार्कच्या हातापाया पडता तरी यायचं. भांडी घासून, शेतात राबून रेषा झिजलेल्या अंगठ्याची दया मशीनला येत नाही.

मग करायचं काय? लिप्स्कींच्या अभ्यासातून मी एक साधी गोष्ट उचलली आहे, ती म्हणजे न बोललेला ‘नाही’ कागदावर आणायचा. तोंडी ‘उद्या या’ला अपील नसतं, लेखी नकाराला असतं. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक नंबर, तारीख, सही-शिक्का घ्या. याला पोच म्हणतात. पोच मिळाली की तुम्ही रजिस्टरमध्ये आलात, तिथपासून दिवस मोजले जातात.

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ज्या सेवा या कायद्याखाली जाहीर केल्या आहेत, जसे उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला, त्या ठरलेल्या दिवसांत मिळायला हव्यात. कोणती सेवा, किती दिवस, कोणता अधिकारी, अपील कुणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. दिवस उलटले किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. सबळ कारण नसताना काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. जी सेवा त्या यादीत नाही तिच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली’ एवढं एकच वाक्य लिहायचं आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

एकटीने जाऊ नका. दोघी-तिघी गेलात तर एकीची मजुरी बुडते तशी सगळ्यांचीच बुडते, हे खरं. म्हणून काही गावांत पाळी लावतात. या महिन्यात पाच जणींचे अर्ज घेऊन एक ताई जाते आणि तिचं तिकीट गट देतो. ज्या कामाला अंगठा किंवा सही समोर लागत नाही तिथे हे जमतं. आणि जाल तेव्हा खुर्चीतल्या माणसाशी आधी नीट बोला. त्याच्या टेबलावर किती गठ्ठे आहेत ते आता तुम्हाला माहीत आहे. भांडण कागदाने करायचं, तोंडाने नाही.

एक गोष्ट मला खटकते तीही सांगते. लिप्स्कींच्या पुस्तकाचा भर लाचेवर नाही. तुटपुंजी साधनं आणि कामाचा डोंगर यावर आहे. आपल्याकडे ‘चहापाणी’ सोडून हा विषय पुरा होत नाही. जातीचंही तसंच आहे. कर्मचाऱ्याच्या मनातला भेदभाव कुणाला लायक ठरवायचं यात उतरतो, असं ते सांगतात, पण वाडी आणि गावठाण यातलं अंतर आपल्यालाच आपल्या अनुभवातून त्यात भरावं लागेल.

आता तो साय काढण्याचा मुद्दा. १९९३ मध्ये लिप्स्कींनी स्टीव्हन रॅथगेब स्मिथ यांच्यासोबत आणखी एक पुस्तक लिहिलं. सरकार आपली कामं संस्थांना कंत्राटाने देऊ लागलं, तेव्हा संस्थांचं काय होतं, यावर. आपल्या माणसांसाठी सुरू झालेली संस्था सरकारचा निधी घेऊ लागते. मग अहवाल, उद्दिष्ट, तपासणी, निधी वेळेवर येईना म्हणून ओढाताण. हळूहळू संस्था स्वतःच एक खिडकी होते आणि लोक तिच्यासमोर रांगेत उभे राहतात.

हे वाचताना मला आपला संघ दिसतो. बँक लिंकेज किती, परतफेड किती टक्के, नवे गट किती, हे आकडे माझ्याकडूनही मागितले जातात आणि मी सीआरपी ताईंकडून मागते. परतफेडीचा आकडा चांगला राहायचा असेल तर कर्ज कुणाला द्यावंसं वाटतं? जिच्या घरात पगार आहे, जिचा नवरा नीट आहे, जी प्रत्येक बैठकीला हजर असते तिला. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणारी बाई दशसूत्रीत बसत नाही. नियमित बैठक तिला कशी जमणार? आपण तिला गटातून काढत नाही, आपण तिला ‘नाही’ही म्हणत नाही. ती आपोआप यायची थांबते. अगदी तहसीलच्या खिडकीसारखं.

परतफेड सोडून द्या असं मी सुचवत नाही. बचत तुमच्या घामाची आहे. पण दुसरा आकडाही इतिवृत्तात यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. गावात किती बाया गटात नाहीत, किती जणींनी वर्षभरात एकदाही कर्ज मागितलं नाही, आणि किती जणी गट सोडून गेल्या, का गेल्या. ज्या ग्रामसंघाने हे लिहायला सुरुवात केली तिथे चर्चा वेगळी होईल, थोडी अवघडही होईल.

बैठकीत बोलण्यासाठी काही प्रश्न देते. गेल्या वर्षभरात तुमच्या गटातल्या किती जणींचे अर्ज कुठे अडकले आहेत, आणि त्यातल्या किती जणींकडे पोच आहे? कोणत्या खिडकीवरचा माणूस चांगला वागतो, आणि त्याला त्याबद्दल कुणी कधी धन्यवादाचं पत्र दिलंय का? (ग्रामसंघाच्या लेटरहेडवर, साहेबांना प्रत पाठवून. आपल्या कौतुकाचाही वरती उपयोग होतो.) आपल्या गटाच्या दारात कोण थांबलंय? या तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका आणि त्या वेळी नावं घेऊन कुणाला दुखवूही नका.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना अडकलेल्या अर्जांच्या पोचा आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन या. ज्यांच्याकडे पोच नाही त्यांनी अर्ज कोणत्या महिन्यात, कुणाच्या हातात दिला एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. अपिलाचे अर्ज आपण तिथेच बसून भरू. शिक्क्याचं पॅड मी आणते.